सिरॅमिक फिल्म: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि दोन नाकाबंद्या

गाडीच्या बाजूच्या चारही काचांना फिकट सिरॅमिक फिल्म, म्हणजे उन्हाची उष्णता अडवणारा पातळ चिकट थर, लावून आता उन्हाळा, पावसाळा दोन्ही पाहून झालेत. गाडी साधी हॅचबॅक, कंपनीच्या काचा किंचित हिरवट. पुढची आणि मागची काच मुद्दाम तशीच ठेवली आहे, त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी कायद्याचं बोलू, कारण फिल्म विकणारे नेमकं तेवढंच गुळमुळीत सांगतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं की काच कारखान्यातूनच तेवढी रंगीत आली असेल तर हरकत नाही, पण वरून चिकटवलेली फिल्म कितीही टक्क्यांची असो, चालणार नाही. पुढे नियम १०० बदलला. १ एप्रिल २०२१ पासून त्यात सेफ्टी ग्लासच्या जोडीला सेफ्टी ग्लेझिंग आलं, आणि आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काच त्यात बसते. याच बदलाचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं की ७० आणि ५० ची मर्यादा पाळलेली असेल तर फिल्मसाठी दंड करता येणार नाही.

ऐकायला गोड आहे. पण तो निकाल केरळचा, आणि रस्त्यावरचा हवालदार अजून २०१२ धरूनच चालतो. ‘आता सगळं कायदेशीर झालंय’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर अर्धंच सांगतोय. मी हे सगळं वाचून, चलान होऊ शकतं हे धरूनच फिल्म लावली. ज्यांना ही कटकट नको त्यांनी लावू नये, असंच मी म्हणेन.

आता टक्क्यांचा घोळ. रोलवर ‘७०’ लिहिलेलं असतं ती निव्वळ फिल्मची पारदर्शकता. पोलीस मोजणार ती काच आणि फिल्म मिळून. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा. माझ्या बाजूच्या नुसत्या काचेवर आरपार जाणारा प्रकाश मोजायचं मीटर लावलं तेव्हा ७६ आलं; त्यावर ७० ची फिल्म, म्हणजे हिशेबाने ५३. बसवल्यावर मीटरनेही ५३ च दाखवलं. ‘५० ला परवानगी आहे ना, मग ५० ची फिल्म घ्या’ असं सांगणाऱ्या दुकानातून मी उठून आलो, कारण ती माझ्या काचेवर ३८ ला गेली असती. पुढच्या काचेचं गणित याहून वाईट. तिथे ७० टक्के लागतात. काच मुळात ७५ ची असेल तर ९० ची जवळजवळ पारदर्शक फिल्म लावली तरी आकडा ६७.५ वर येतो. म्हणजे वावच नाही. शिवाय पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर; त्या मधल्या थरामुळे अतिनील किरण तिथेच बरेचसे अडतात. बाजूच्या टफन्ड काचेत तो थर नसतो, म्हणून ड्रायव्हरचा उजवा हात जास्त रापतो.

गारव्याबद्दल बोलायचं तर गडदपणाचा आणि गारव्याचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते, डोळ्यांना दिसतच नाही. स्वस्त रंगीत फिल्म दिसणारा उजेड खाते, स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडते. सिरॅमिक फिल्म उजेड येऊ देते पण इन्फ्रारेड बऱ्यापैकी अडवते. मे महिन्यात चालत्या गाडीत फरक स्पष्ट जाणवला. खिडकीकडच्या हाताला बसणारा चटका गेला आणि एसीचा पंखा चार ऐवजी दोनवर भागायला लागला. उभ्या गाडीत मात्र चमत्कार नाही. दुपारभर उन्हात ठेवलेली गाडी उघडली की भट्टीच असते, कारण छत आणि पुढची काच आपलं काम करतच असतात. डॅशबोर्डवर सनशेड लावणं सुटलेलं नाही.

पावसात रात्री गाडी चालवताना मी मुद्दाम बारकाईने बघत होतो. साइड मिरर आपण बाजूच्या काचेतूनच पाहतो, त्यात काचेवर थेंब. ५३ टक्क्यांना उजेडाच्या रस्त्यावर काही जाणवत नाही. अंधाऱ्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना मात्र मी काच खाली करतो. याहून गडद फिल्म लावून लोक पावसात कसे चालवतात, देव जाणे.

नाकाबंदीत दोनदा थांबवलं. पहिल्या वेळी हवालदाराने काचेला चेहरा लावून आत पाहिलं, मागच्या सीटवरची पिशवीही त्याला दिसली, आणि ‘जाऊ द्या’ म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी नखाने कड चाचपून, ‘साहेब, फिल्म आहे ना ही? मग फिल्म म्हणजे फिल्म.’ मीटर त्यांच्याकडे नव्हतं. मी फिल्मचं बिल, प्रमाणपत्र आणि मीटरच्या आकड्याचा फोटो दाखवला, केरळचा निकालही सांगितला. ‘ते कोर्टात सांगा’, असं म्हणत चलान केलंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास १५०० पर्यंत दंड होतो. मी पाचशे भरले. हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता, त्याचं म्हणणंही अगदीच बिनबुडाचं नाही.

फास्टॅगला काही अडचण नाही, एक तर तो पुढच्या काचेवर आहे आणि सिरॅमिकमध्ये धातूचा थरही नसतो. धातूवाली फिल्म पुढे लावणाऱ्यांनी टॅगपुरती जागा सोडावी. मागच्या काचेला डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा आहेत. उद्या पोलिसांनी फिल्म काढायला लावली तर सोलताना त्या उखडतात, म्हणून तिथे हातच लावला नाही.

टिकाऊपणात एकच खोट. पहिले काही दिवस साबणाच्या पाण्याचे फुगे दिसत होते, ते आपोआप गेले. तोवर काचा खाली करायच्या नाहीत. पण मागच्या डाव्या काचेवर आता एक उभी बारीक रेघ आहे. काचेच्या खाचेतल्या रबरी पट्टीत धूळ अडकते, काच वरखाली होताना फिल्म घासते. अमोनियावाला ग्लास क्लीनर वापरत नाही, ओलं मायक्रोफायबर पुरतं. हल्ली गाडी पुसताना तेच पट्टीतून फिरवतो, दुसरी रेघ अजून तरी आलेली नाही.