कुर्गच्या मांडवावरची वेल आणि आयनॅचरलिस्ट अ‍ॅप

जानेवारीत आईला घेऊन कुर्गला गेले होते. मडिकेरीजवळ एका होमस्टेत उतरलो. अंगणात लोखंडी मांडव आणि त्यावरून फुलांचे घोस हातभर खाली लोंबत होते. आत पिवळाधमक घसा, पाकळ्या विटकरी तांबड्या आणि मागे वळलेल्या. सकाळी चहाला बसलं की शिंजीर त्या घोसांना लटकून मध प्यायचे. आईचा चहा रोज गार व्हायचा. "हिचं नाव विचारून घे गं, आपल्याकडे लावू," म्हणाली.

मालकीणबाईंनी नाव सांगितलं लेडीज स्लिपर. त्या नावानं शोधलं तर सगळी ऑर्किडं! फोनमध्ये आधीपासून असलेल्या एका अ‍ॅपला फूल दाखवलं, त्यानंही ठामपणे ऑर्किडच ठरवलं. मांडवभर पसरलेल्या वेलीला ऑर्किड कसं म्हणायचं?

तेव्हा भाचीनं आयनॅचरलिस्ट हे अ‍ॅप घ्यायला सांगितलं. फोटो टाकून नोंद केली की ते नावं सुचवतं आणि इतर वापरणारेही ओळख पटवतात. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. पण तिनं बजावलं, "मावशी, नुसतं फूल नको काढूस. पानं, देठ, वेल कशी चढलीय, सगळं काढ." एकाच नोंदीत अनेक फोटो टाकता येतात, आणि मला ही या अ‍ॅपमधली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. फोटो काढण्यासाठी म्हणून मी पहिल्यांदा त्या वेलीकडे नीट पाहिलं. पानं समोरासमोर, लांबट, निमुळती. देठापासूनच तीन ठळक शिरा निघालेल्या. फुलाच्या बुडाशी दोन छोटी पानं ओंजळीसारखी धरलेली. तीन दिवस त्याच मांडवाखाली बसत होतो, पण यातलं काही दिसलं नव्हतं.

फोटो चढवल्यावर सुचवलेल्या नावांत पहिलं आलं थुनबर्जिया मायसोरेन्सिस. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपवरच्याच एका अनोळखी माणसानं त्याला दुजोरा दिला. थुनबर्ग हा लिनियसचा स्वीडिश शिष्य, त्याच्यावरून पहिलं नाव, दुसरं म्हैसूरवरून. म्हणजे वेल दक्षिण भारतातलीच. कूळ आपल्या अबोलीचं आणि अडुळशाचं. हे सांगितल्यावर आईला फार बरं वाटलं. तिच्या माहेरी अबोलीचे वाफे होते. लेडीज स्लिपर हे हिचंही चालू नाव आहे, त्यामुळे मालकीणबाई बरोबरच होत्या.

नवीन वापरणाऱ्यांना एक सांगते. लावलेल्या झाडाची नोंद करताना 'लागवडीचं' अशी खूण करावी लागते. मीही केली. अशी नोंद 'संशोधन दर्जा'पर्यंत, म्हणजे अभ्यासासाठी पक्की धरली जाण्यापर्यंत, जात नाही. तो दर्जा रानातल्या नोंदींसाठी असतो, आणि त्यालाही तारीख, ठिकाण आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत लागतं. मला हा नियम पटतो. उद्या कोणी ही वेल कुठं-कुठं आपोआप उगवते ते बघायला बसला, तर त्यात अंगणातले मांडव मिसळायला नकोत.

मुलं बरोबर असतील तर याच मंडळींचं 'सीक' हे दुसरं अ‍ॅप घ्या. खातं उघडावं लागत नाही, कॅमेरा धरला की नाव दिसतं. पण अ‍ॅपनं नाव दिलं म्हणून कुठलंही पानफूल तोंडात घालू नका, मुलांना तर मुळीच घालू देऊ नका. पावसाळ्यात इतकी देखणी फुलणारी कळलावीसुद्धा जहाल विषारी आहे.

माझ्याकडून पाचपैकी पाच.

निघताना मालकीणबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून दोन काड्या दिल्या. कोल्हापूरला आल्यावर कुंडीत खोचल्या. एक वाळली. दुसरीला गेल्या आठवड्यात समोरासमोर दोन पानं फुटली. अजून नखाएवढीच आहेत, पण आईनं चष्मा लावून तिन्ही शिरा मोजल्या.