पिंग की ट्रेसरूट: पॅकेट नेमके कुठे गळतात?

घरचे इंटरनेट अडखळू लागले की पिंग आणि ट्रेसरूट ही जोडणी तपासणारी दोन्ही साधने हाताशी असतात, मात्र त्यांची उत्तरे वेगळ्या प्रश्नांची असतात. पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले आणि किती पॅकेट हरवले, एवढेच पिंग सांगते. विंडोजमध्ये ते एरवी ४ च पॅकेट पाठवते आणि अधूनमधून होणारी गळती त्यातून सहज निसटते, म्हणून ते बराच वेळ चालू ठेवावे. आधी घरच्या राउटरला, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला पिंग करावे. राउटरपर्यंतच गळती दिसली, तर दोष बहुधा वायफायचा असतो, आणि सेवा पुरवठादाराशी वाद घालण्याआधी लॅन केबल जोडून पाहणे शहाणपणाचे.

ट्रेसरूट पॅकेटचे टीटीएल मूल्य (ते किती राउटर ओलांडू शकते ती मर्यादा) एकेकाने वाढवत वाटेतले राउटर उघड करते, त्यामुळे विलंब कोणत्या टप्प्यापासून वाढतो ते दिसते. उत्तर न आल्याची खूण म्हणून त्यात दिसणाऱ्या तारका (*) पाहून मात्र घाबरू नये: मधले अनेक राउटर अशा चाचणीला मुद्दामच उत्तर देत नाहीत. गळती शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकली, तरच ती खरी मानावी. माझ्या मते सुरुवात पिंगनेच करावी. ट्रेसरूटचा खरा उपयोग तक्रार नोंदवताना होतो.