हॉलमधला ४३ इंची स्मार्ट टीव्ही: दोन सत्रांच्या वापरानंतर

उन्हाळी सुट्टीत घेतलेला ४३ इंची ४के गूगल टीव्ही, दुसरं सत्र संपत आलं तरी रोज चालतोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण लिहितोय ते या वर्गातल्या बहुतेक टीव्हींना लागू पडेल. मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. घरात आई, पत्नी आणि बारावीतली लेक. टीव्ही एकच, तोही हॉलमध्ये, आणि तो तिथेच राहावा असं माझं ठाम मत आहे.

आधी चित्र. पॅनल चांगला आहे, पण सुरुवातीची सेटिंग्ज दुकानातल्या झगमगाटासाठी केलेली असतात. 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' लावा आणि मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा बहुधा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. स्मूदिंग चालू असलं की मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः बनवून घालतो, मग उत्तम चित्रपटही रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. क्रिकेटला ते चालू ठेवलं तरी बिघडत नाही.

आईला दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आवडतात. ते ४:३ आकारातले, टीव्ही १६:९ चा. ताणून पडदाभर दाखवले की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. "अरे, ही सगळी माणसं एवढी सुटली कशी?" असं तिने विचारल्यावर मी मूळ आकाराचा पर्याय निवडला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, माणसं पूर्ववत झाली.

माझी मोठी तक्रार होम स्क्रीनबद्दल आहे. सेट टॉप बॉक्सवर कार्यक्रम चालू असताना रिमोटवरचं घराचं बटण चुकून दाबलं गेलं, की शिफारशी आणि जाहिरातींनी भरलेलं पान समोर येतं. आईला तिथून परत येता येत नाही, आणि कुणीतरी घरी येईपर्यंत तिने ताटकळत बसावं हे मला अजिबात मान्य नाही. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने यातलं काही सांगितलं नाही. उपाय आहे: टीव्ही चालू होताच थेट सेट टॉप बॉक्सचं इनपुट लागेल असं सेटिंग करा, आणि बॉक्सच्याच रिमोटला टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज शिकवा. टीव्हीचा रिमोट आता आईच्या हाती लागतच नाही.

शिकवण्याच्या कामाला मात्र हा टीव्ही मनापासून आवडला. उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायच्या असतात, त्यासाठी लॅपटॉप जोडला तर लाल शाईच्या बारीक खुणा पसरट, फिकट दिसायच्या. टीव्ही रंगाची माहिती कमी बारकाव्याने दाखवतो म्हणून असं होतं. इनपुटला 'पीसी' असं नाव दिल्यावर अक्षरं काटेकोर झाली. टॅबवर लिहून शिकवायचं असेल तर वायरलेसच्या नादी लागू नका. पेन पुढे जातं आणि रेघ मागून येते. साधी एचडीएमआय केबल लावा.

१९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केलं. विद्यार्थी असताना मी ते पाहिलंय. विषय सुंदर असायचे, पण एक पायरी निसटली की पुढचं सगळं हातातून जायचं. आता 'स्वयंप्रभा' या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांपैकी आयआयटी-पाल वाहिन्यांवर अकरावी-बारावीची व्याख्यानं असतात, फ्री डिशवर फुकट दिसतात. ती यूट्यूबवरही मिळतात, आणि लेक तिथूनच लावते, कारण थांबवता येतात. परवा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचं, म्हणजे चुंबक हलवला की तारेच्या वेटोळ्यात वीज कशी निर्माण होते त्याचं, लावलं होतं. लेन्झच्या नियमातल्या ऋण चिन्हाशी (निर्माण झालेली वीज बदलाला विरोध करते, हे सांगणारं चिन्ह) लेकीने थांबवलं, मी वहीत वेटोळं काढलं, आणि विणकाम करत बसलेल्या आईने विचारलं, "मग चुंबक नुसतं धरून ठेवलं तर?" नेमका प्रश्न! विजेचा प्रवाह शून्य, कारण वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह (फ्लक्स) बदलतच नाही. असे प्रश्न वर्गात पडावेत म्हणून मी वर्षानुवर्षं धडपडतोय, आणि खोलीत एकट्याने मोबाईलवर व्याख्यान ऐकणाऱ्या मुलांना ते विचारायला शेजारी कुणी नसतं. टीव्ही हॉलमध्येच हवा असं म्हणतो ते यासाठी.

आवाज ठीक, संवादांसाठी 'स्पीच' मोड लावतो. वेग मात्र मंदावलाय. ८ जीबी साठवणीतली बरीचशी सिस्टिमच खाते, म्हणून न लागणारी अ‍ॅप्स काढून टाकली आणि अधूनमधून रीस्टार्ट करतो. नवीन घेत असाल तर १६ जीबीचा बघा, एचडीएमआयची किमान तीन पोर्ट आहेत ना ते तपासा, आणि भिंतीवर लावण्याआधी केबल काढता-घालता येईल एवढी जागा मागे सोडायला सांगा.