समुद्रासमोरचा फ्लॅट, रत्नागिरी : काही वर्षं राहिल्यानंतरचा अनुभव

मांडवीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून असलेल्या फ्लॅटमध्ये आम्ही बरीच वर्षं राहतोय. त्याआधीचं आयुष्य खालच्या आळीतल्या चिरेबंदी घरात गेलं. म्हणजे गाव जुनंच, पण समुद्र असा थेट खिडकीत असणं नवं होतं. लिहायला निमित्त झालं एसीचं. ऐन एप्रिलच्या शेवटी हॉलमधल्या एसीची हवा गार येईना. मेकॅनिकने बाहेरचं युनिट उघडलं तर अॅल्युमिनियमच्या पात्या बोट लावताच चुरत होत्या आणि तांब्याची नळी एका वळणावर गळून सगळा गॅस निघून गेला होता.

वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिस सेंटरवाल्याने कार्ड उलटं करून दाखवलं. "साहेब, खाऱ्या हवेने झालेला गंज यात बसत नाही." तसं छापलेलं आहे, मी वाचलं. पण हे कार्ड मला ज्या दुकानात मिळालं, तिथून समुद्र चालत गाठता येतो. दुकानदाराला मी कुठे राहतो ते माहीत होतं, युनिट बसवायला त्याचीच माणसं आली होती. किनाऱ्यावरच्या गावात माल विकायचा आणि किनाऱ्याची हवा मात्र वॉरंटीतून वगळायची, हे मला मान्य नाही. मी लेखी तक्रार केली, फोनवर भांडलो, शेवटी मजुरी माफ झाली आणि कॉइलचे, म्हणजे त्या नळी-पात्यांच्या जाळीचे, पैसे माझ्याच खिशातून गेले. त्या पैशांत घरात महिनाभर मासळी आली असती.

थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, पतितपावन मंदिर, टिळकांचं जन्मघर यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे घर घेऊ पाहणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याने आधी लोखंड बघावं. ज्या इमारतीत घर घेणार, तिथल्या जिन्याचं रेलिंग, मीटरच्या पेटीच्या बिजागऱ्या, खिडकीच्या चौकटीतले स्क्रू. स्क्रू तर नक्कीच. खिडकी अॅल्युमिनियमची, दिसायला चकचकीत, आणि तिला धरणारे स्क्रू साधे लोखंडी. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांच्याखाली तांबूस ओघळ येतात, पुढे डोकं झडतं, आणि मग जूनच्या वाऱ्यात अख्खी चौकट खडखडते. बिल्डरने तिथे वाचवलेले पैसे नगण्य असतात. दुरुस्तीला मात्र परांची बांधावी लागते.

हे का होतं, ते समजून घेतलं की खर्च कमी होतो. लाटा फुटतात तेव्हा मिठाचे बारीक तुषार हवेत जातात आणि वाऱ्याबरोबर घरात येऊन प्रत्येक गोष्टीवर बसतात. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते, तेच खिडकीच्या स्क्रूवर चालू असतं. त्यात एसीच्या युनिटमध्ये तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी असलं की त्यातला कमजोर धातू झिजतो, म्हणजे पात्या आधी जातात. किनाऱ्यापासून आत सरकावं तसं हे झपाट्याने कमी होतं. साळवी स्टॉप किंवा नाचणे या आतल्या भागांत राहणाऱ्या नातेवाइकांकडे तोच फ्रीज, तोच पंखा निवांत चालतो. स्कूटरचंही तसंच. आमच्या इमारतीत समुद्राच्या बाजूला लावलेल्या गाड्यांचे सायलेन्सर मागच्या बाजूच्या गाड्यांच्या कितीतरी आधी जातात.

नवीन येणाऱ्यांना मी एक सल्ला नेहमी देत असे: बाहेरचं युनिट छज्जाखाली, पावसापासून आडोशाला बसवा. आता तो देत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांचं युनिट आमच्यापेक्षा जुनं, गच्चीच्या कठड्याला उघड्यावर लावलेलं, पावसात न्हाऊन निघणारं. आमचं गेलं आणि त्यांचं ठणठणीत. मिरकरवाड्याला, म्हणजे इथल्या मासेमारी बंदरात, बोट असलेल्या मित्राला हे सांगितलं, तर त्याला यात काहीच नवल वाटलं नाही. त्याने मलाच विचारलं, "गोडं पाणी मारतोस का कधी त्याच्यावर?" १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा त्यांच्या बोटी वर ओढून खरवडतात, रंगवतात. बोटीच्या पाण्यातल्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात, ते झिजतात आणि बाकीचा धातू वाचतो. आणि जे जे पाण्याच्या वर असतं, ते गोड्या पाण्याने धुतलं जातं. पाऊस काकांच्या युनिटवर हेच काम फुकट करत होता. आमच्या आडोशाच्या युनिटवर मीठ वर्षानुवर्षं साचत राहिलं.

म्हणून ज्यांचं युनिट छज्जाखाली आहे, त्यांनी ते बारा महिने धुवावं. उघड्यावर असेल त्यांनी निदान दसऱ्यापासून जूनपर्यंत, कारण त्या काळात इथे धुऊन काढणारा पाऊस जवळजवळ नसतो आणि दुपारचा समुद्रावरचा वारा रोज असतो. पंधरवड्यातून एकदा एमसीबी, म्हणजे एसीचा वीजपेटीतला खटका, बंद करून कॉइलवर गोडं पाणी सोडायचं. पाण्याला जोर नको, पात्या वाकतात. नवीन घेत असाल तर पात्यांवर गंजरोधक लेप असलेलाच घ्या, आणि वॉरंटीत खाऱ्या हवेचं काय, ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तो कुरकुर करेल. करू द्या.

इतकं सगळं झाल्यावर कोणी विचारेल, एसी हवाच कशाला? मे महिन्यात इथे पारा विदर्भासारखा चढत नाही, चौतीस-पस्तिसाच्या आसपास थांबतो. पण घाम वाळत नाही. आईला दम्याचा त्रास, रात्री मतलई वारा सुटेपर्यंत तिला झोप लागत नाही, म्हणून एसी. दिवसा मात्र अकरा-साडेअकराला समुद्रावरून वारा यायला लागला की पश्चिमेची खिडकी उघडली तरी पुरतं. या एका वाऱ्यासाठी मी हा फ्लॅट सोडणार नाही. माझं सगळं सामान गंजवणारा वाराही हाच, आणि मे महिन्याच्या दुपारी घरात माणसासारखं बसू देणाराही हाच. संध्याकाळी खाली उतरून मांडवीच्या काळ्या वाळूवर चालायला मिळतं, ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा सुटल्या की मिरकरवाड्यात जाऊन ताजा बांगडा मोल करून आणता येतो. यात मला काही कमी वाटत नाही.

खालच्या आळीतलं घर अजून आहे, तिथे गेलो की आता मी बिजागऱ्या बघतो. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, खांब लाकडी, वर कौलं, कड्या-कोयंडे पितळी. लोखंड जवळजवळ नाहीच, आणि पश्चिमेला माड-आंब्याची दाट रांग. झाडांच्या पानांवर मीठ अडतं. भाट्याच्या सुरूच्या बनामागेही वारा तेवढा खारा लागत नाही. नव्या इमारतींसमोरची झाडं समुद्र दिसावा म्हणून तोडली जातात, तिथे तुषारांना अडवायला काहीच उरत नाही. मला हे बघून फार वाईट वाटतं.

आणि काँक्रीट. सळई गंजली की फुगते आणि वरचा थर फोडून टाकते. मग स्लॅबचे पोपडे पडतात. आयएस ४५६ या मानकात किनाऱ्याच्या हवेतल्या बांधकामाला किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलं आहे. घर बांधकाम चालू असताना घेत असाल तर स्लॅब ओतण्याआधी जाऊन हे कव्हर राखायला सळईखाली ठेवलेले ठोकळे बघा. टाइल्सचा रंग नंतर ठरवता येतो, कव्हर नंतर वाढवता येत नाही.

खर्चाचं माझं गणित आता असं आहे. खिडक्यांचे स्क्रू ३१६ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ३०४ थोडं स्वस्त मिळतं, पण इथे त्यावर डाग येतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते मिठापुढे टिकतं. कपड्यांची दोरी नायलॉनची, तार नको. ग्रिल शक्य तितकं कमी. रंगाच्या डब्यावर कंजूषपणा करू नये, ब्रशच्या मजुरीत रंगाची किंमत बुडून जाते.

आता गच्चीवर पाण्याचा नळ घ्यावा, म्हणजे सगळ्यांची युनिटं धुता येतील, असा ठराव मी सोसायटीत मांडला आणि तो मंजूर झाला. प्लंबरने पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, सांगितला, ते बरोबरच आहे. भिंतीवर धरायला क्लॅम्प मात्र लोखंडी आणले होते. ते परत पाठवलेत.