पावलावरचा असमान दाब: तयार इनसोल, मापाचा आधार की व्यायाम?

रोजचा बूट टेबलावर ठेवून मागून पाहिला की टाचेची बाहेरची कड अधिक झिजलेली दिसते आणि आपली चाल बिघडली आहे, अशी शंका अनेकांच्या मनात येते. चालताना टाच मुळात किंचित बाहेरच्या कडेवरच टेकते, म्हणून ही झीज स्वाभाविक आहे. दोन बुटांची झीज एकमेकांपेक्षा अगदी निराळी असेल, किंवा तळाचा आतला भाग आधी झिजून बूट आत कलला असेल, तर मात्र लक्ष द्यावे.

उभे असताना भार मुख्यतः टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तीन ठिकाणी विसावतो. तळव्याची कमान दबून भार आतल्या बाजूस सरकला की टाच बाहेर कलते, तिच्यावरची नडगी आत फिरते, मांडीचे हाडही त्याच दिशेने ओढले जाते आणि गुडघा आत झुकतो. उंच कमानीच्या पावलात उलट घडते: पाऊल ताठ राहिल्याने धक्का नीट शोषला जात नाही, भार टाचेवर आणि बाहेरच्या कडेवर पडतो आणि घोटा मुरगळण्याची शक्यता वाढते. ही साखळी वरून खालीही चालते, हे इनसोल (बुटात तळव्याखाली घालायची आधाराची गादी) विकणारे सहसा सांगत नाहीत. खुब्याचे स्नायू कमकुवत असतील तर गुडघा आत पडतो आणि त्यापाठोपाठ पाऊलही दबते. अशा वेळी तळव्याखाली कितीही चांगला आधार ठेवला तरी मूळ कारण जागच्या जागीच राहते.

निवड करण्यापूर्वी आरशाकडे पाठ करून चवड्यांवर उभे राहावे आणि मागून कोणाला तरी पाहायला सांगावे. टाच आत वळून कमान उचलली गेली, तर पाऊल लवचिक आहे. कमान सपाटच राहिली, किंवा एका पायाच्या चवड्यावर उठताच येत नसेल आणि घोट्याच्या आतल्या बाजूस दुखत असेल, तर खरेदी बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

लवचिक पाऊल आणि टाचदुखीसारखी तक्रार असेल तर तयार इनसोलपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते. टाचदुखीवर तयार आणि मापाचे (पावलाचे माप घेऊन बनवलेले) इनसोल यांची तुलना झालेल्या चाचण्यांत वेदना कमी होण्यात मोठा फरक आढळलेला नाही. अंगठ्याने दाबताच बसणारी मऊ गादी कमानीला आधार देत नाही, म्हणून थोडा कडक इनसोल घ्यावा आणि बुटातला मूळ इनसोल काढूनच तो घालावा, नाहीतर बूट घट्ट होऊन बोटांवर नवाच दाब येतो.

मापाचा आधार महाग पडतो आणि तयार व्हायला वेळ लागतो. तरीही पाऊल ताठ झालेले असेल, संधिवाताने बोटे वाकली असतील किंवा दोन्ही पायांच्या लांबीत सुमारे 2 सेंटिमीटरहून अधिक फरक असेल, तर त्याला पर्याय शोधत बसू नये. मधुमेहात तळव्याची संवेदना गेलेली असल्यास प्रश्न सांध्यांपुरता उरत नाही, कारण दाबाच्या एकाच बिंदूवर न जाणवता जखम होऊ शकते. ज्यावर उभे राहून तळव्याखालचा दाब मोजतात, त्या पट्टीच्या नुसत्या रंगीत चित्रावर मात्र भरवसा ठेवू नये. स्थिर उभे असताना टाचेखाली लाल रंग दिसणे स्वाभाविक आहे, आणि एका पायावर जरा रेलले तरी सगळे चित्र बदलते.

व्यायामाचा परिणाम दिसायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात आणि बहुतेक जण त्याआधीच कंटाळतात. बोटे न मुडपता अंगठ्याचे मूळ टाचेकडे ओढून कमान उचलणे, चवड्यांवर हळूहळू उठणे-बसणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि खुब्याचे व्यायाम करणे, एवढे पुरेसे आहे. इनसोल बुटापुरता काम करतो, तर बळकट झालेले स्नायू अनवाणी चालतानाही उपयोगी पडतात, म्हणून लवचिक पावलासाठी दोन्ही उपाय एकत्र करणे मला अधिक पटते.

गुडघ्याच्या आतल्या बाजूची झीज असणाऱ्यांना बाहेरची कड उंच असलेला इनसोल सुचवला जातो. त्याने आतल्या बाजूचा भार थोडा कमी होतो खरा, पण साध्या सपाट इनसोलपेक्षा वेदनेत विशेष फरक पडत नाही. अशा गुडघ्यांसाठी वजन घटवणे अधिक लाभाचे ठरते: वजन 1 किलोने कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने घटतो.

पाऊल सपाट असूनही कोठे दुखत नसेल, तर यांपैकी काहीही विकत घेण्याचे कारण नाही.