नवा म्हणून बसवला तो आमचाच जुना रेडिएटर

गाडीचा रेडिएटर, म्हणजे इंजिनचं गरम पाणी थंड करणारी जाळी, बदलायला टाकणार असाल, तर काढलेला जुना रेडिएटर ताब्यात घेतल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नका. मी काढली. त्यापायी 71 वर्षांच्या बाबांचा हात आणि तोंड भाजलंच असतं, थोडक्यात टळलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची वॅगन आर 2008 ची, पेट्रोल, 1,64,000 किलोमीटर झालेली. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली आणि जिवापाड जपलेली. एप्रिलमध्ये सकाळी पार्किंगच्या फरशीवर पुढच्या बाजूला हिरवट थेंब दिसायला लागले. टाकीत पाणी घातलं की दोन दिवसांत पातळी खाली. पुण्यात घराजवळच्याच गॅरेजमध्ये दाखवलं. मेकॅनिकने बॉनेट उघडून बोट दाखवलं: रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी पाइपाच्या तोंडाशी तडकली होती. हे खरंच होतं, मी डोळ्यांनी बघितलं. अशा गाड्यांत मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि वर-खाली किंवा बाजूला प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. वर्षानुवर्षं तापून आणि थंड होऊन ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं. त्यामुळे त्याच्या पुढच्या बोलण्यावरही माझा विश्वास बसला.

"ताई, कंपनीचा नवीन रेडिएटर 5,200, कूलंट 900, मजुरी 1,200. संध्याकाळी गाडी घेऊन जा." एकूण 7,300. (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळायचं रसायन.) संध्याकाळी त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "नवीन रेडिएटर टाकला आहे." मी गेले, बॉनेटखाली काळाभोर चकचकीत रेडिएटर दिसला, यूपीआयने पैसे दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलाला जीएसटी लागेल, उगाच तुमचेच पैसे जातील." माझे पैसे वाचवतोय असं वाटलं मला. जुना रेडिएटर कुठे आहे, हे विचारायचं डोक्यातही आलं नाही.

पुढचे काही आठवडे टेंपरेचरचा काटा नेहमीपेक्षा खालीच असायचा आणि लिटरमागे पंधरा देणारी गाडी बारावर आली. फोन केला तर उत्तर आलं, "गाडी जुनी झाली ताई, आता असंच चालायचं." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. गाडी जुनी आहे म्हटलं की मालक गप्प बसतो. आपल्याच मनात ती भीती असते, आणि समोरच्याला ती पक्की माहीत असते.

मेच्या शेवटी बाबांना घेऊन वाईला निघाले. खंबाटकीचा घाट चढताना, दुपारी दीडच्या उन्हात, काटा अचानक लाल पट्ट्यात गेला. बाजूला घेईपर्यंत बॉनेटमधून फुसफुसत वाफ यायला लागली. मी हजार्ड लाइट लावून फोनला रेंज शोधत होते, तेवढ्यात बाबांनी बॉनेट उघडलं आणि खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडतच धावत आला, "काका, हात लावू नका! अर्धा तास तरी थांबा!" त्याने बाबांना दंडाला धरून मागे ओढलं. झाकणामुळे आत साधारण एक बारचा दाब टिकतो, म्हणून पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की तेच पाणी वाफ होऊन उसळतं आणि सरळ तोंडावर येतं. घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हे आजच सांगा. बाबा चाळीस वर्षं गाडी चालवत होते, तरी त्या घाईत त्यांचा हात गेलाच.

टोचन लावून गाडी कशीबशी वाईला नेली. तिथल्या वयस्कर मिस्त्रीमामांनी मला बाजूला उभं करून एकेक वस्तू माझ्यासमोर काढली. रेडिएटर बाहेर आल्यावर त्यांनी पान्ह्याच्या टोकाने वरच्या टाकीवर खरवडलं. काळ्या स्प्रेच्या थराखालून राखाडी एम-सील (भेगा बुजवायचा लांबी-लगदा) निघालं, जिथे एप्रिलमध्ये तडा होता बरोबर तिथेच. मग त्यांनी टाकी पालथी करून रॉकेलच्या बोळ्याने एक कोपरा पुसला. प्लॅस्टिकच्या साच्यातच उमटलेला, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान गोल होता. मध्ये 08, भोवती 1 ते 12 आकडे आणि एक बाण. "हा टाकी बनल्याचा महिना आणि वर्ष. तुमची गाडी कधीची?" मामांनी विचारलं. मला पुढे बोलवेना. आमचाच रेडिएटर होता. काढून, बुजवून, रंगवून परत बसवलेला.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, तिच्या घरात नव्हताच. तो काढून टाकला की इंजिन जास्त थंड राहतं, त्यामुळे खराब रेडिएटरचं दुखणं काही दिवस झाकलं जातं आणि पेट्रोल मात्र जास्त जळतं. काटा खाली का होता, ॲव्हरेज का पडलं, ते तेव्हा कळलं. निघालेलं पाणी गंजून तांबूस झालेलं, कूलंटचा पत्ता नाही. ऑइलच्या झाकणाच्या आतून दुधाळ चहासारखा साय धरलेला थर, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि खालचा भाग यांच्यामधली सीलची पट्टी) गेलेलं आणि ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, फेसिंगला (घासून सपाट करायला) साताऱ्याला पाठवावं लागलं. सगळं मिळून 18,600 रुपये, त्यात नवा रेडिएटर 3,400 चा. तो मामांनी माझ्यासमोर खोक्यातून काढला, एमआरपीचं लेबल दाखवलं आणि पक्कं बिल दिलं.

पुण्याला आल्यावर त्या गॅरेजात गेले. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही गाडी दुसरीकडे उघडलीत, आता आम्ही कशाची जबाबदारी घ्यायची?" मी 08 चा फोटो दाखवला, तर माझ्याकडे न बघता दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे मला आधी माहीत असतं तर त्या संध्याकाळी मी बिलाशिवाय हललेच नसते. आता हातात आहे ते एवढंच: यूपीआयची नोंद, "नवीन रेडिएटर टाकला आहे" हा मेसेज, आणि वाईचं बिल. मेसेज पुसू नका, पैसे रोख देऊ नका. काम सुरू होण्याआधी जुन्या पार्टवर मार्करने खूण करून फोटो काढा. कुणी बदलला म्हणालं तर ती खूण शोधता येते.

तो रेडिएटर मी मामांकडून मागून आणलाय. गोणपाटात गुंडाळून बाल्कनीत ठेवलाय, एम-सील आणि 08 चा शिक्का दोन्ही शाबूत. भंगारवाला दोनदा विचारून गेला. आयोगात दाखवून होईपर्यंत तो तिथेच राहील.