गूगल सर्च कन्सोलचा ‘लिंक्स’ अहवाल: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरी चादरी आणि टेरी टॉवेल यांची ठोक विक्री करणाऱ्या आमच्या दुकानाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. इतर कोणकोणत्या संकेतस्थळांनी आपली लिंक दिली आहे, हे पाहण्यासाठी गेले काही महिने मी गूगल सर्च कन्सोलमधला (आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या साधनातला) ‘लिंक्स’ हा अहवाल नियमाने वापरत आहे. साधन मोफत आहे. माझे मत आधीच सांगायचे तर, लिंक वाचण्यासाठी ते फार उपयोगी आहे. मोजण्यासाठी मात्र नाही.

सर्च कन्सोलमध्ये संकेतस्थळाची नोंदणी करताना ‘डोमेन’ हा प्रकार निवडावा. त्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या तांत्रिक नोंदवहीत, मालकी सिद्ध करणारी एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकावी लागते, परंतु त्यामुळे एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, तसेच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले व नसलेले असे सगळे पत्ते एकाच जागी येतात.

अहवालात बाहेरून येणाऱ्या लिंकचे तीन तक्ते असतात: लिंक मिळालेली आपली पाने, लिंक देणारी संकेतस्थळे आणि लिंकचा मजकूर (ज्या शब्दांवर क्लिक करायचे ते शब्द). नजरेत आधी भरते ती वर दिलेली एकूण संख्या, आणि तीच सर्वांत फसवी असते. आमच्याकडून टॉवेल घेणाऱ्या एका हॉटेलने आपल्या संकेतस्थळाच्या फूटरमध्ये (पानाच्या तळपट्टीत) पुरवठादार म्हणून आमचे नाव लिंकसह टाकले. फूटर प्रत्येक पानावर असल्यामुळे खोल्यांचे दर, मेनू, अगदी नियम व अटी अशा एकेका पानावरची लिंक वेगळी धरली गेली आणि आमचा आकडा एकदम फुगला. प्रत्यक्षात शिफारस एकाच गिऱ्हाइकाची होती. म्हणून मी एकूण संख्येकडे न पाहता संकेतस्थळांचा तक्ता उघडतो. त्यातील नावावर क्लिक केले की आपल्या कोणत्या पानांना लिंक दिली आहे ते कळते, आणि त्या पानावर क्लिक केले की ती नेमकी कुठून आली आहे ते उलगडते.

सर्वाधिक उपयोग झाला तो पानांच्या तक्त्याचा. नवी मांडणी करताना आमच्या जेकार्ड चादरींच्या पानाचा पत्ता बदलला गेला होता. तक्त्याच्या वरच्या ओळींत तो जुनाच पत्ता दिसत होता आणि उघडून पाहिला तर ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’ अशी सूचना. वस्त्रोद्योगाच्या एका व्यापारी सूचीतून आणि दोन-तीन प्रवासलेखांतून येणारे वाचक त्या रिकाम्या पानावरून परत जात होते. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ रिडायरेक्ट (कायमस्वरूपी आपोआप वळवण्याची सोय) लावल्यावर वाचक आणि शोधयंत्र दोघेही योग्य पानावर पोहोचू लागले, त्यासाठी लिंक देणाऱ्या कोणालाही पत्र लिहावे लागले नाही. नव्या लिंकसाठी दारोदार फिरण्याआधी प्रत्येक दुकानदाराने निदान हा एक तक्ता तपासावा.

मजकुराच्या तक्त्यात आमच्याकडे दुकानाचे नाव, ‘सोलापुरी चादर’, नुसता पत्ता आणि ‘येथे क्लिक करा’ अशी सरमिसळ आहे, आणि ती तशीच असावी. शेकडो अनोळखी ठिकाणांहून एकच विक्रीयोग्य शब्दप्रयोग येऊ लागला, तर मात्र शंका घ्यावी.

आता उणिवा. लिंक नोफॉलो आहे की नाही, म्हणजे ‘ही लिंक आमची शिफारस धरू नका’ अशी शोधयंत्रासाठीची खूण तिच्यावर आहे की नाही, हे अहवाल सांगत नाही. त्यासाठी लिंक देणारे पान उघडून, पेज सोर्समध्ये (पानामागच्या कोडमध्ये) आपला पत्ता शोधून, त्या टॅगमधील ‘रेल’ (rel) हा भाग पाहावा लागतो. नोफॉलोची खूण २००५ मध्ये आली. २०१९ मध्ये तिच्या जोडीला जाहिरातीच्या आणि वापरकर्त्यांनी टाकलेल्या लिंकसाठी वेगळ्या खुणा आल्या आणि गूगल या सर्वांना आदेश न मानता सूचना मानू लागले. विकिपीडियावरील बाहेरच्या लिंक नोफॉलोच असतात, त्यामुळे तिथल्या उल्लेखाने वाचक मिळतात, पण शोधनिकालांच्या क्रमवारीत उडी मिळेल असे समजू नये. ही तपासणी हाताने करण्याचा कंटाळा असेल, तर एचरेफ्स (Ahrefs) या लिंक तपासणाऱ्या कंपनीचे वेबमास्टर टूल्स स्वतःच्या संकेतस्थळापुरते मोफत मिळते आणि त्यात लिंकचा प्रकार व तुटलेल्या लिंक दिसतात. त्यातील ‘डोमेन रेटिंग’ हा संकेतस्थळाच्या लिंकच्या ताकदीचा त्या कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे. गूगल तो वापरत नाही.

हे लिहिण्याचे कारण असे की, ‘उच्च अथॉरिटीच्या’ (वजनदार म्हणवल्या जाणाऱ्या संकेतस्थळांवरच्या) लिंक घाऊक भावाने विकणाऱ्यांचे फोन आमच्यासारख्या दुकानांना सतत येतात. क्रमवारीसाठी लिंक विकत घेणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. अशा लिंकना आळा घालण्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये गूगलचे पेंग्विन हे अपडेट आले आणि २०१६ पासून ते गूगलच्या मूळ क्रमवारी-प्रणालीचाच भाग आहे. भंगार लिंक दिसल्या की लगेच ‘डिसअव्हाउ’ करा, म्हणजे त्या लिंक धरू नका अशी यादी गूगलला द्या, असा सल्लाही हेच लोक देतात. बहुतेक संकेतस्थळांना त्याची गरज नाही, असे खुद्द गूगलच सांगते. आधी सर्च कन्सोलमधील ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ हे, गूगलने आपल्यावर केलेली कारवाई दाखवणारे पान पाहावे. ते कोरे असेल तर मी डिसअव्हाउच्या यादीला हात लावत नाही. शिवाय डिसअव्हाउची सोय डोमेन प्रकारच्या नोंदणीवर चालतच नाही.

प्रत्येक तक्त्यात जास्तीत जास्त १,००० ओळी दिसतात, काढून टाकलेल्या लिंक बराच काळ रेंगाळतात आणि मागील महिन्यांशी तुलना करण्याची सोय नाही. त्यामुळे ‘लेटेस्ट लिंक्स’ ही यादी मी दरमहा उतरवून एक्सेलमध्ये ठेवतो. तिच्यात गूगलने ते पान शेवटचे कधी पाहिले त्याची तारीख असते, आणि नवे नाव पटकन ओळखू येते. स्पर्धकांच्या लिंक पाहायच्या असतील तर हे साधन निरुपयोगी आहे, कारण मालकी सिद्ध केलेल्या संकेतस्थळापलीकडे ते काहीच दाखवत नाही.